वाटूरच्या पारावरचं पेट्रोल

आमच्या घरी फटफटी होती, असं मी सांगितलं की आजही लोक माझ्याकडं बघतात, जसं काही मी बसल्या जागी थापा मारून राह्यले. पण होती. आमचे हे जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. तिथला गोरा साहेब लढाई सुरू झाल्यावर आपल्या मुलखाला निघाला अन् जाताना बिघडलेली फटफटी यांच्या गळ्यात घालून गेला. बाजूला एक माणूस बसंल अशी पेटी जोडलेली, पुढं कार्बाइडचा दिवा. ती आमच्या अंगणात कितीतरी दिवस उघडी पडलेली होती. नटबोल्ट माझ्या परातीत, साखळी माझ्या बादलीत. एक दिवस ती अचानक बोलली, तशी शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, अन् ती धुंडायला मलाच जावं लागलं.

हे माणूस शांत. इतके शांत की घराला आग लागली तं आधी बादलीचं माप घेतील. मी त्यांच्या बरोबर उलटी. माझ्या जिभेला हाड न्हाई असं माझी सासूच म्हणायची, अन् ते काही खोटं न्हवतं.

लढाईचेच दिवस. उन्हाळा. शुक्रवारी दिवस कलल्यावर बैलं विकणारा एक हेडी दारात आला. जिंतूरच्या पलीकडं, माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या गावाहून तो बैल घेऊन आल्ता. पाणी प्यायला, तोंड पुसलं अन् म्हणला, "बाई, तुमच्या आक्काला कोल्हं चावलंय. पिसाळलेलं. गालावर. मंगळवारची गोष्ट हाय."

मला पुढचं काही ऐकू आलं न्हाई. हे तसेच दवाखान्यात गेले, मी मागून पळत. डाक्टरनं सगळं ऐकून घेतलं. पायाला चावा असता तं थोडी सवड होती, म्हणाला, पण गालापासून डोकं कितीसं लांब. पोटात घ्यायच्या चौदा सुया असतात, रोज एक, अन् त्या त्याच्याकडं होत्या. "उद्याच्या उद्या आणा तिला. पाण्याला भ्यायला लागली, तं मंग माझ्याकडं आणू नका. माझ्या हातात काहीच राह्यत न्हाई." असं तो सरळ बोलला. मला त्याचा राग आला, पण खरं बोलणाऱ्याचा राग किती वेळ टिकणार.

रेल्वे तिकडं जात न्हाई. प्रवाशांची मोटार थेट सोमवारी. बैलगाडीनं जायचं म्हणजे आक्काला आणायच्या ऐवजी तिच्या दहाव्यालाच पोचायचं. राह्यली फटफटी. अन् फटफटीला पाहिजे पेट्रोल, ते कुपनावर, अन् जालना सोडलं की वाटेत कुठंच न्हाई. मंठ्यात न्हाई, जिंतुरात असलं तं अंमलदारांच्या मोटारीपुरतं. जुन्या जालन्यात एका मारवाडी शेठकडं जिनिंगचं पेट्रोल यायचं. यांनी त्याला काय झालं ते सांगितलं. शेठनं कुपनं हातात घेतली, मोजलीसुद्धा न्हाईत, अन् मागच्या खोलीतून दोन भरलेले डबे काढून दिले.

रात्री यांनी जमिनीवर चिंचोके मांडले. हा जालना, हे वाटूर, हा मंठा, हे जिंतूर, अन् हे आक्काचं गाव. मी चुलीपुढं बसून उद्याच्या भाकरी थापून राह्यले होते अन् मनात म्हणत होते, बहीण मरायला टेकली अन् हा माणूस चिंचोके खेळून राह्यलाय. पण ते खेळत न्हवते. भरली टाकी आक्काच्या गावापर्यंत पुरणार. तिथं एक डबा ओतला की परत वाटूरपर्यंत. वाटूरला दुसरा डबा ओतला की जालना. येताना तीन माणसं, तेव्हा गाडी जास्त पिणार, हेही त्यांनी धरलं होतं.

"मंग दोन्ही डबे संगं घ्या की," मी म्हणलं.

"वाटूरच्या पुढं नुसते दगड हायेत. एक डबा तुझ्या पायाशी बसंल. दुसरा मागं बांधला अन् फुटला, तं खाली गरम नळी हाय. तिघंबी जळू."

"अन् वाटूरला डबा राह्यला न्हाई तं?"

"तुझ्या मामाच्या घरी ठेवायचा. मामाच्या घरात कोण हात लावतंय."

हे खरंच होतं. वाटूरला माझ्या आईचे चुलतभाऊ राह्यचे. सगळे त्यांना मानायचे. त्यांच्या ओट्यावर सोन्याची पाटली ठेवली असती तरी परत मिळाली असती.

मला जाणं भागच होतं. सून माहेरी आणायची तं माहेरची बाई घ्यायला पाहिजे. एकट्या मेहुण्याच्या मागं आक्काला कोणी बसू दिलं नसतं, मग ती मरायला टेकलेली असो की काही असो. शनिवारी पहाटे आम्ही निघालो. वाटूरला पोचलो तेव्हा मामा शेतात गेल्ते. मामी एकटी घरी. मी पेटीतून उतरलेसुद्धा न्हाई, आक्काचं तेवढं बसूनच सांगितलं. यांनी डबा सोडून ओट्यावर ठेवला. मामीनं विचारलं, "तेल हाय का जावईबापू ह्याच्यात?" हे म्हणाले, "तेलच समजा. पण चुलीपाशी नेऊ नका, अन् कुणी उघडू नका." मामीनं मान हलवली. चहाचा आग्रह केला, आम्ही हात जोडले अन् निघालो.

आक्काच्या गावी पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आल्तं. आक्का माजघरात भिंतीला टेकून बसली होती. गालाच्या जखमेत तिखट भरलेलं, वर हळद, गळ्यात मांत्रिकाचा दोरा. गाल इतका सुजल्ता की डोळा मिटलाच होता. तिनं मला बघितलं अन् नुसता माझ्या लुगड्याला हात लावला. अंग तापलेलं. मी तिला विचारलं, पाणी पिऊन राह्यली का गं, तं ती म्हणाली, पिते की, पण गिळताना दुखतं. ते दुखणं तिखटाचं होतं की दुसऱ्या कशाचं, हे मला कोण सांगणार.

तिची सासू म्हणाली, "दोरा बांधलाय. सात दिवस घराबाहेर न्यायचं न्हाई म्हणलाय मांत्रिक." दाजी दारात उभे, आईकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे. हे बाहेर डबा टाकीत ओतून राह्यले होते, त्याचा वास घरात येत होता. माझं टाळकं फिरलं. मी म्हणलं, "तुमची सून नेते मी. जिती राह्यली तं आणून सोडते. मेली तं तुमचं सरण वाचलं समजा."  दाजींनी आक्काला उचलून पेटीत बसवलं. तेवढं मात्र त्यांनी केलं.

येताना मी यांच्या मागं. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला अन् दोन्हीकडं पाय टाकून बसले. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. बघा म्हणलं. आक्का पेटीत, डोक्यावरून पदर ओढलेला, गचक्यागणिक कण्हायची. जिंतूर सोडलं अन् मंठ्याच्या अलीकडं मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. हे चाक उघडून बसले. दिवस कलत चालल्ता. मी रस्त्याकडच्या विहिरीवरून लोटा भरून आणला अन् आक्कापुढं धरला.

आक्का लोट्याकडं बघत राह्यली. हात पुढं केला न्हाई. यांचे हात चाकावर थांबले. मी तिथं लोटा धरून उभी. डाक्टरचे शब्द माझ्या कानात होते. मग आक्का म्हणाली, "लोटा तिरपा कर गं, मला तोंड उघडंना." मी तिच्या उजव्या बाजूनं थोडं थोडं पाणी सोडलं अन् ती प्याली. अर्धं गळ्यावर सांडलं, पण प्याली. मी विहिरीमागं जाऊन रडून आले.

मंठ्यात यांनी टाकीत बांबूची कामटी बुडवून बघितली. कामटीचं टोक तेवढं ओलं झालं. "वाटूर गाठू," म्हणाले. "त्याच्या पुढं कोसभर. बस." मी म्हणलं, पुढचं कशाला बघता, वाटूरला डबा हाय ना.  चढावर गाडी हळू करायचे, उतारावर नुसती सोडून द्यायचे, थेंब थेंब वाचवून राह्यले होते.

वाटूरला आलो तेव्हा दिवेलागण झाल्ती. मामांच्या घरापुढं गाडी लागली. यांनी इंजिन बंद केलं न्हाई, तसंच फटफटत ठेवलं. मी ओट्याकडं बघितलं. ओटा रिकामा.

मामा पायरीवरून उतरत आले. "या जावईबापू, या. पोरीला आणलं का? लई झ्याक केलं."

"मामा, डबा कुठाय?"

"हाय की. जाईल कुठं." मामा हसले. "आज शनिवार न्हवं का? तेल बी अन् लोखंड बी. घरात कसं घ्यावं? शेतातून आलो अन् बघतो तं ही बया डबा ओट्यावर ठिवून बसलीय. म्हणलं, शनवारचं तेल असं घराच्या उंबऱ्याशी ठिवूच न्हाई. मारुतीच्या पारावर नेऊन ठिवला. तिथं कोण हात लावतंय. उद्या उजाडलं की आणणारच व्हतो."

मामांचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत न्हाई. शनिवारी आमच्याकडं तेल अन् लोखंड घरात येत न्हाई. आलंच, तं ते शनीचं धन. मीसुद्धा शनिवारी घाण्यावर कधी गेल्ते न्हाई. पण पेट्रोलच्या घाईत वार कोण मोजतंय. अन् मारुतीच्या पारावर शनिवारी तेल ठेवलं, तं ते तेल मारुतीचं. हे मामांना कळलं न्हाई, कारण ते नुसतं सुरक्षित जागेचा विचार करून राह्यले होते. यांना मात्र बराबर कळलं.  आक्काला अन् गाडीला माझ्या भरवशावर सोडून ते पळत सुटले. मामा त्यांच्या मागं. मी आक्काला म्हणलं, बस, आलेच, अन् मीबी पळाले. पार हाकेवर होता.

पारावर गर्दी. शनिवारची संध्याकाळ म्हणून माणसं मारुतीला तेल घालायला आल्ती. पाराच्या टोकाला दगडी दिव्याच्या वाती पेटलेल्या. अन् म्हातारा गुरव आमचा डबा दोन्ही हातांनी उचलून, त्याचं बूच काढलेलं, दिव्याकडं चालल्ता. दिव्यातलं तेल कमी झाल्तं अन् दुपारपासून पारावर भरला डबा होता, त्यानं काय समजावं?

आमचे हे कधी ओरडत न्हाईत. त्या दिवशी असे ओरडले की पारावरचे लोक बाजूला झाले. "डबा खाली ठेव, आग लागंल!" गुरव दचकला. डबा त्याच्या हातातून निसटला, पाराच्या कडेवर आपटला अन् खाली मातीत आडवा पडला. गुळगुळ गुळगुळ करत पेट्रोल सांडायला लागलं. वास असा उठला की डोळ्यांत पाणी. हे खाली उतरून डबा सरळ करायला धावले अन् म्हणत होते, दिवे विझवा, आधी दिवे विझवा. कोणी हलंना. शनिवारी मारुतीपुढचा दिवा कोण विझवणार? शेवटी मामांनी पुढं होऊन आपल्या उपरण्यानं वाती दाबल्या.

मग अंधार झाला. यांनी डबा हलवून बघितला. तळाशी थोडं खळखळलं.

"गुरव म्हणून चाळीस वर्सं झाली," म्हातारा म्हणाला. "उदाच्या धुरात नाकाला वासच कळत न्हाई बाबा. म्या मारुतीचं समजलो."

यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी असते तं दोन शब्द सुनावले असते. सुनावायला तोंडसुद्धा उघडलं होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या अंगरख्यावर पेट्रोल उडलेलं, अन् वाती हातभर अंतरावर होत्या. मी तोंड मिटलं.

"किती जाईल एवढ्यात?" मामांनी विचारलं.

"न्हाई जायचं. जालना न्हाई जायचं." यांनी डबा परत एकदा हलवला. मग म्हणाले, "घासलेट पाहिजे. इंजिन गरम हाय तवर थोड्या पेट्रोलात घासलेट मिसळलं तं ओढंल. धूर करंल, ठोकंल, पण ओढंल. थंड झालं तं मंग काहीच न्हाई."

घासलेट. लढाईत ते तरी कुठं होतं. वाण्याकडं महिन्यातून एकदा यायचं, अन् कधीच सपलेलं. लोकांच्या घरात जे होतं, ते चिमणीत अन् कंदिलात. अन् आत्ता दिवेलागण. दिवे लागल्यावर आमच्याकडं घरातलं तेल, मीठ, विरजण बाहेर जात न्हाई. शेजारणीनं मागितलं तं म्हणायचं, सकाळी ये. तेलाबरोबर घरची लक्ष्मी जाते. सगळ्यांना हे माहीत होतं. म्हणून सगळे नुसते उभे होते, अन् कोणी कोणाच्या तोंडाकडं बघत न्हवतं. मी मामांकडं बघितलं. मामांनी मान खाली घातली. त्यांच्याकडूनच डबा पारावर आल्ता, तरी त्यांचं तोंड उघडंना.

मला वाटलं, आता मी भांडणार. भांडायलाच पुढं झाले. पण कसलं भांडण. नुसती रडायला लागले, सगळ्या गावापुढं.

मामीला मी आल्यापासून बघितलंच न्हवतं. आम्ही पळालो तेव्हा ती गाडीजवळ गेल्ती. तिनं आक्काच्या तोंडावरचा पदर बाजूला केला होता, अन् आक्काचा गाल बघून ती तिथंच बसली होती. आता ती पाराकडं चालत आली. हातात तिच्या ओसरीवरचा कंदील. पेटलेला. पाराच्या अलीकडं थांबली, फुंकर मारली, काच वर केली, टाकीचं झाकण फिरवलं अन् कंदील यांच्यापुढं धरला.

"घ्या जावईबापू."

"मामी, दिवेलागण झालीय," हेच म्हणाले.

"झाली तं झाली. माझ्या घरची लक्ष्मी जायची आसंल तं ह्या पोरीसंगं जाऊ द्या."

यांनी कंदील घेतला अन् डब्यात उपडा केला. घासलेटाची धार बारीक होती. मग एक बाई गेली, कोणाची कोण मला माहीत न्हाई, अन् चिमणी घेऊन आली. मग तिची जाऊ. मग दोघी-तिघी.  अंगणाअंगणातून चिमण्या येऊन राह्यल्या होत्या, वाती विझवलेल्या, काचा काजळलेल्या. एकीच्या चिमणीत बोटभरसुद्धा न्हवतं, तीबी तिनं उलटी करून झटकली. गाडी तिकडं मामांच्या दारात फटफटत होती अन् माझं सगळं ध्यान त्या आवाजाकडं. मध्येच आवाज अडखळला.  हे डबा उचलून पळाले.

आवाज बंद पडला तेव्हा ते गाडीपाशी पोचले होते. टाकी रिकामी. यांनी डबा ओतला, इंजिनाला हात लावून बघितला अन् लगेच मागं घेतला, इतकं ते तापलेलं. मग लाथ मारली. काही न्हाई. परत मारली. नुसता एक ठोका. तिसऱ्यांदा मामांनी अन् आणखी दोघांनी मागून गाडी ढकलली, यांनी पळत्या गाडीला गिअर टाकला, अन् ती खोकली, पांढऱ्या धुराचा लोट सोडला अन् धरली. हे ओरडले, बस जल्दी, थांबवता येणार न्हाई. मी काष्टा सावरत पळत जाऊन मागं बसले.

जालन्याला पोचलो ते धुरात काळे होऊन. वाटेत कुठंही थांबलो न्हाई. थांबलो असतो तं परत सुरू झाली नसती. डाक्टर घरी गेल्ता, त्याला उठवून आणला. त्यानं आधी आक्काच्या हातात पाण्याचा पेला दिला, ती प्याली, तेव्हाच त्यानं सुई काढली. चौदाही सुया झाल्या. आक्का वाचली. तिला पुढं दोन लेकरं झाली. मीच तिला तिच्या सासरी नेऊन सोडली, बोलल्याप्रमाणं. सासूनं मला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. मांत्रिकाचं नाव दोघींनीबी काढलं न्हाई.

पण माझ्या डोळ्यांपुढं अजून ते वाटूर सोडतानाचंच येतं. गाडी गावाबाहेर पडली, चढ लागला, अन् मी मान वळवून मागं बघितलं. अमावास्या जवळ होती. नेहमी त्या चढावरून वाटूरचे दिवे दिसायचे, ओळीनं, घराघरातले. त्या दिवशी एकही न्हवता. मामांच्या घरी न्हाई, पारावर न्हाई, कुठंच न्हाई. बाया अंधारात भाकरी वाढून राह्यल्या असतील.

आक्का पेटीत तापाच्या गुंगीत होती. पारावर काय झालं ते तिला ठाऊक न्हवतं. तिनंबी मान वळवली होती. तिनं माझं लुगडं ओढलं अन् विचारलं, "गावात दिवे का न्हाईत गं? कोणी गेलं का?"

मी खाली वाकून तिच्या कानाशी म्हणलं, "न्हाई आक्का. कोणी गेलं न्हाई."